लाइट बंद करायच्या आधी

आमची धाकटी लेक झोपायला फार गुणी होती. ती वर्षा-दीड वर्षाची होईपर्यंत हे मी शेजारणींना कौतुकानं सांगत असे. दूध पाजलं, पाठीवर हात ठेवला की झोपली. मग भांडी घासा, दळण निवडा, कोणी मोठ्यानं बोला, ती कूस बदलायची नाही.

वडीगोद्रीला आमचं घर डांबरी रस्त्याला लागूनच होतं. पुढच्या खोलीत मुलांच्या वडिलांचं दुकान. नवऱ्याला मी कधी नावानं हाक मारली नाही, तेव्हा इथंही 'हे' असंच म्हणते. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी शेतकरी आणून टाकायचे आणि हे नवी तार गुंडाळून त्यांचं वाइंडिंग करून द्यायचे. दिवसभर तांब्याची तार आणि वार्निशचा वास. मागं पत्र्याच्या दोन खोल्या, त्यात आम्ही चौघं. औरंगाबाद-बीड गाड्या दारावरून जायच्या आणि रात्री ट्रक. आमचा थोरला मुलगा त्या आवाजाला काही केल्या सरावला नाही. एखाद्या ड्रायव्हरनं हॉर्न लांबवला की तो दचकून उठायचा, रडायचा, मला घट्ट धरायचा. त्याला झोपवता झोपवता माझी कंबर मोडायची. म्हणून धाकटीचं जास्तच कौतुक.

एका संध्याकाळी दोघं खाटेवर झोपलेली होती. हे नुकतेच दुकान बंद करून आत आले होते आणि मी भाकरी थापत होते. तेवढ्यात दारासमोर ट्रकचं टायर फुटलं. फळीवरचे डबे थरथरले. मुलगा किंचाळत खाटेवरून खाली उतरला आणि माझ्या पाठीला येऊन चिकटला. त्याला पोटाशी घेऊन मी खाटेकडं पाहिलं. धाकटी तशीच. अंगठा तोंडात, पापणीसुद्धा हललेली नाही.

"बघा, किती शांत पोरगी," मी म्हणाले.

हे खाटेपाशी गेले, तिच्याकडं वाकून पाहिलं. मग माझ्या हातापाशी पडलेली परात उचलली, उलथनं घेतलं आणि तिच्या कानाशी परात बडवली. मुलाला वाटलं खेळ चाललाय, तो रडता रडता हसायला लागला. ह्यांनी पुन्हा बडवली, जोरात. ती झोपलेलीच. मग त्यांनी परात खाली ठेवून एका बोटानं तिच्या तळपायाला स्पर्श केला. ती लगेच जागी झाली. आम्हा सगळ्यांना खाटेभोवती पाहून हसली.

तव्यावरची भाकरी जळाली ती तशीच राहिली.

पुढं जे सगळे करतात ते आम्हीही केलं. सासूबाई गावाकडून येऊन तिच्या जिभेला वेखंड उगाळून लावत राहिल्या. कोणी दर्ग्याला न्यायला सांगितलं, तिथं नेली. जालन्याला स्टेशनकडच्या एका डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं आणि औरंगाबादला मशीनवर तपासायला पाठवलं. तिथल्या बाईंनी तिच्या कानाला काय काय लावलं आणि शेवटी आम्हाला बसवून सांगितलं, की हे जन्मापासूनचंच आहे. परतताना एस.टी.त ती माझ्या मांडीवर झोपली. सवयीनं माझ्या तोंडून अंगाई सुरू झाली आणि दुसऱ्याच ओळीला मी थांबले. इतके महिने रोज रात्री मी म्हणत होते, ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ह्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "थांबली का? म्हन की." मी म्हटलं नाही.

तिला छातीवर बांधायची एक मशीन मिळाली. काडेपेटीपेक्षा मोठी डबी, तिला दोन वायरी, त्या कानात. त्या मशीननं थोडंफार ऐकू येतं असं बाई म्हणायच्या. पण झोपताना ती काढावी लागायची, कान दुखायचे आणि वायर मानेला गुंडाळायची भीती. म्हणजे दिवसभर जे काही थोडं कानावर पडत असेल, तेही अंथरुणावर पडल्यावर संपायचं.

आणि आमच्या घरात गोष्टी असायच्या त्या अंथरुणावरच. दिवसा मला वेळ नसे. रात्री जेवणं झाली की मी सतरंजी आणि वाकळा टाकायची. भिंतीकडं मुलगा, मध्ये मी, मग धाकटी, दाराशी हे. मुलाला एकच गोष्ट रोज हवी असायची. अंबडच्या बाजारात विकायला नेलेली शेळी दाव्यातून सुटते, एस.टी.त चढते आणि कंडक्टरला चुकवत घरी परत येते. ती मीच रचलेली. रोज त्यात कुठं काही बदललं तर तो लगेच धरायचा, "काल तर ती शेळी मागच्या शिटावर बसल्ती!" मी सांगत असे आणि धाकटी माझ्या पलीकडून डोकं उचलून माझ्या तोंडाकडं बघत असे. भाऊ हसला की तीही हसायची. कशाला हसायचं ते तिला माहीत नसायचं.

ती तीन-साडेतीन वर्षांची असेल. एकदा मी गोष्ट सांगत असताना तिचा हात माझ्या गळ्यावर पडला. आधी सहज पडला असेल. मी शेळीचा आवाज काढला, 'बेंऽऽ', तशी ती ताडकन उठून बसली. माझ्या गळ्याकडं पाहिलं, आपल्या तळव्याकडं पाहिलं आणि पुन्हा तळवा गळ्यावर ठेवला. मी पुन्हा आवाज काढला. ती खदखदून हसली. त्या रात्री मी इतक्या वेळा शेळी झाले की मुलगा वैतागला. "आई, म्होरं सांग ना!"

तेव्हापासून तो नेमच झाला. मशीन काढून फळीवर ठेवायची, तिनं माझ्याकडं कूस करून तळवा गळ्यावर ठेवायचा आणि मी मुलाला गोष्ट सांगायची. मग मी दोघांसाठी मिळून सांगायला लागले, तोंडानं मुलाला आणि हातानं तिला. डोक्यावर दोन बोटं म्हणजे शेळी. गाडीचं चक्र फिरवल्यासारखं केलं की एस.टी. मिशीला पीळ म्हणजे वडील, हे त्या वेळी मिशी ठेवायचे. कपाळावर बोट म्हणजे दादा, कारण त्याला तिथं पडल्याची खूण होती. गालाखाली हात म्हणजे झोप. असे पन्नासेक शब्द आमच्या घरात तयार झाले. घराबाहेर ते कोणाला कळत नसत.

पण हात दिसायला उजेड लागतो. मुलाला मात्र अंधाराशिवाय झोप यायची नाही.

"लाइट बंद कर ना आई. डोळ्यावर येऊन राह्यली."

"थांब जरा, तिचं होऊ दे."

"तिचं कव्हाच होत न्हाई!"

तोही सहाच वर्षांचा. त्याची गोष्ट रोज अर्धी व्हायची, कारण हातानं सांगायला वेळ लागायचा. तो पाय आपटायचा, वाकळ डोक्यावर ओढून घ्यायचा. मी बटन दाबलं की ती घाबरून माझा हात, तोंड, नाक चाचपायची. डोळे मिटले तरी आपल्याला आवाज येत राहतो, घरातली माणसं आहेत हे कळतं. तिला अंधारात कुणीच नसायचं. मला हे समजायलाही बरेच दिवस गेले.

शेवटी ह्यांनी दुकानातून वायर आणून तिच्या बाजूला झिरोचा बल्ब लावला. पत्र्याचा तुकडा वाकवून त्याला असा आडोसा केला, की उजेड माझ्या तोंडावर आणि हातावर तेवढा पडावा. मुलाची बाजू अंधारात राहिली. गावातली लाइट गेली की कंदील होताच. मला वाटलं, आता जमलं सगळं. दोन वर्षं खरंच जमलं. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या रात्री त्याच होत्या, हे तेव्हा काही कळलं नाही.

जालन्याला एका शिबिरात अशा मुलांना बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांनी माझे हातवारे पाहून सांगितलं, "असं करू नका. हातांनी भागतंय म्हटल्यावर ती ओठ बघणार नाही आणि बोलायला शिकणार नाही. हात बांधून ठेवा आणि तोंडानं बोला." बाई शिकलेल्या होत्या, पोटतिडकीनं सांगत होत्या. मी घरी येऊन त्या रात्री हात वाकळेखाली ठेवले. ओठ मोठे मोठे हलवून शेळीची गोष्ट सांगितली. धाकटी जरा वेळ बघत राहिली. मग तिनं वाकळ बाजूला केली, माझे दोन्ही हात बाहेर काढले आणि दोन बोटं स्वतःच माझ्या डोक्यावर नेऊन ठेवली. मुलगा म्हणाला, "कर की आई. तिला कळून न्हाई राह्यलं."

मी हात वापरत राहिले. पण बाईंचं एक बोलणं ह्यांच्या मनात घर करून बसलं. त्या म्हणाल्या होत्या, "घरी ठेवाल तर ती फक्त तुमच्याशी बोलेल. तुमच्यामागं कोणाशी बोलेल?"

औरंगाबादला तिच्यासारख्या मुलांची राहायची शाळा होती. ती सहा वर्षांची झाली तसा ह्यांनी विषय काढला. मुलं झोपल्यावर दाराच्या उंबऱ्यावर बसून आम्ही हळू बोलत होतो. ती ऐकणार नव्हती, तरी हळूच.

"इतकुशी हाय ती. अजून माझा गळा धरल्याबिगर झोपत न्हाई," मी म्हणाले.

"मंग काय आयुष्यभर तुझा गळा धरून बसंल का?"

"गावातल्याच शाळंत घाला. मास्तरीन बसू देते म्हनली."

"बसू देईल गं. पर कोपऱ्यात. दिवसभर भिताडाकडं बघत." त्यांनी उंबऱ्यावरची धूळ हातानं झटकली. "मला काय वाटत न्हाई असं नको समजू."

मी तसं समजले नव्हते. मला फक्त दुसरं काही सुचत नव्हतं.

जायच्या आधीचे सगळे दिवस मी रात्री तिला समजावत राहिले. तिथं जायचं हे सांगता यायचं. चक्र फिरवलं की एस.टी., मग खूप मुलं, मग पाटी. ती आनंदानं मान हलवायची. पण 'आम्ही तुला तिथं ठेवून येऊ आणि काही दिवसांनी परत घ्यायला येऊ' हे कसं सांगायचं? आमच्या पन्नास शब्दांत 'परत' नव्हता. 'काही दिवस' नव्हता. ती कधी कुणापासून लांबच गेली नव्हती, तर तो शब्द कशाला तयार होईल? मी करून पाहिलं. गालाखाली हात, डोळे उघड. गालाखाली हात, डोळे उघड. असं पुष्कळदा, मग मिशीला पीळ, एस.टी., आणि तिला कवेत घेतलं. तिला वाटलं नवीन खेळ आहे. तीही गालाखाली हात घेऊन डोळे मिटायची, उघडायची आणि हसत माझ्या अंगावर पडायची. मुलगा भिंतीकडून बघत होता. म्हणाला, "आई, तिला न्हाई कळलं."

"कळलं तिला. तू झोप."

शाळेत सोडायला गेलो तेव्हा जून महिना होता, सगळ्या आया रडत होत्या. वसतिगृहात लोखंडी खाटांची रांग आणि प्रत्येक खाटेवर एकसारखी चादर. तिथल्या ताईंनी सांगितलं, "ती खेळण्यात गुंतली की तुम्ही निघा. निरोप घेत बसू नका, त्यानं लेकरू जास्त रडतं." धाकटी अंगणातल्या घसरगुंडीवर चढली, वरून आम्हाला हात केला आणि घसरली. ती पुन्हा शिडीकडं वळली, तिची पाठ आमच्याकडं झाली, तेव्हा ह्यांनी माझा दंड धरला. आम्ही फाटकाबाहेर आलो. आत दुसरी कुठली तरी मुलं ओरडत होती. तिचा आवाज त्यात होता की नाही, मला कळलं नाही.

त्या रात्री घरी मी सवयीनं चौघांच्या वाकळा घातल्या. मग एक घडी करून ठेवली. झिरोचा बल्ब ह्यांनी लावलाच नाही. मुलाला आता हवा तसा अंधार होता आणि पूर्ण गोष्ट मिळणार होती. मी म्हटलं, "सांगू का शेळीची?"

"नको."

ट्रक जात होते. तो दचकतही नव्हता. मला वाटलं झोपला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आई, तिला वाटत असंल आपण हरवलो."

दाराशी हे उठून बसल्याचा आवाज आला. कडी काढून ते बाहेर गेले आणि दुकानाच्या ओट्यावर बसून राहिले.

पंधरवड्यानं भेटायला परवानगी मिळाली. धाकटी बरी दिसत होती, केस बारीक कापलेले, अंगावर गणवेश. मला पाहून ती धावत आली नाही. जागच्या जागी उभी राहून बघत राहिली, जशी आपण ओळख पटवतो तशी. मग एकदम येऊन बिलगली आणि माझा पदर तिनं संध्याकाळपर्यंत सोडला नाही. ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. पहिले काही दिवस ती रात्री झोपायचीच नाही. शेजारच्या खाटेवरच्या मुलीकडं जायची आणि तिच्या गळ्याला हात लावायची. ती मुलगीही तशीच, बोलत नसे. हिचा हात तिथं ठेवलेला आणि ती बिचारी हिच्याकडं बघतीय. मग ही पुढच्या खाटेकडं जायची. तिसऱ्या. चौथ्या. "आम्हाला कळंना ही काय शोधून राह्यली," ताई म्हणाल्या.

मी सांगितलं. सांगता सांगता माझाच तळवा गळ्यावर ठेवून दाखवला. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनाही घरी लेकरं होती, त्यांना झोपवून त्या इथं ड्युटीवर यायच्या. त्या म्हणाल्या, "मी बसत जाईन तिच्यापाशी. बोलत जाईन काही तरी." आणि त्या खरंच बसत. काय बोलायच्या विचारलं तर लाजून म्हणाल्या, "काय बी. भाजीचा भाव, माझ्या सासूची गाऱ्हानी. तिला काय, गळा हलला म्हंजी झालं."

दिवाळीला ती घरी आली तेव्हा मी सगळं पहिल्यासारखं करून ठेवलं होतं. बल्ब पुसला, वाकळ उन्हात घातली. जेवण झालं. तिनं मशीन स्वतःच काढली, वायरी नीट गुंडाळून फळीवर ठेवली. मी अंथरुणावर बसून वाट पाहत होते. तिनं आमच्याकडं बघून एक खूण केली, आम्हाला माहीत नसलेली. मग उठून बटन दाबलं, स्वतःच्या हातानं, आणि अंधारात चाचपत येऊन तोंडावरून चादर घेऊन झोपली. शाळेत तशी शिस्त होती. मी तशीच बसून होते. मुलगा कुजबुजला, "झोपली?" मी म्हणाले, "हो." त्याला मग गोष्ट हवी होती, पण आता तो मोठा झाला होता, मागायची लाज वाटत होती. मी न विचारता सांगितली. ऐकणारा एकच होता, म्हणून ती लवकर संपली.

तिचं चांगलं झालं, हे सांगायला हवं. ती शिकली, शिवण शिकली, चित्रं काढायची. तोंडानं थोडे शब्द बोलायची, पण तिची खरी भाषा हातांची. ती वर्गात नाही, वसतिगृहात मुलींनी एकमेकींना शिकवलेली. दर सुट्टीत तिचे हात जास्त भरभर चालायचे आणि आमचे पन्नास शब्द मागं पडत गेले. शेळी, एस.टी., मिशी. हे शब्द ती आमच्यासाठी वापरायची, जसं लहान मुलाशी बोलताना आपण सोपं करून बोलतो.

ती बारा-तेरा वर्षांची असताना उन्हाळ्यात आम्ही अंगणात झोपायचो. एका रात्री ती ह्यांच्या बाजेच्या कडेला बसून काही तरी सांगू लागली. मोठी हकिकत होती. कोणी तरी पडलं, कोणी तरी पळालं, बाई रागावल्या, सगळे हसले. तिचे डोळे, भुवया, खांदे, सगळं बोलत होतं. आम्ही दोघं माना हलवत होतो. मध्येच ती थांबली. आमच्या तोंडाकडं आळीपाळीनं पाहिलं. तिला समजलं, की आम्हाला काही कळलेलं नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती हसली, पाहुण्यांकडं बघून हसतात तशी, आणि आत जाऊन पाणी पिऊन झोपली.

"काय म्हनली गं?" ह्यांनी विचारलं.

"मलाबी सगळं न्हाई कळलं."

शाळा उघडल्यावर तिला सोडायला हे एकटेच गेले आणि त्या दिवशी परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले. वसतिगृहाच्या त्या ताईंना आणि वरच्या वर्गातल्या एका मुलाला गाठून ते शिकायला बसले होते. पुढं वर्षभर महिन्यातून एखाद्या रविवारी ते जात. पण वय झालेलं, आणि तार ओढून ओढून बोटं राठ झालेली. करंगळी वेगळी उचलायची म्हटली तरी उचलायची नाही. रात्री बाजेवर पडल्या पडल्या त्यांचे हात छातीवर हलत असायचे, मी बघून न बघितल्यासारखं करायची. फार काही जमलं नाही. एक वाक्य मात्र त्यांनी पक्कं केलं, 'आज दिवसभर काय केलंस?'

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आली त्या रात्री त्यांनी तिच्यासमोर उभं राहून ते वाक्य केलं. तिनं डोळे मोठे केले, त्यांची चुकलेली बोटं धरून नीट केली आणि मग सगळं सांगितलं. सकाळपासूनचं, भरभर, तिच्या भाषेत. ह्यांना त्यातलं काही समजलं नाही. समजलं नाही हे तिला दिसत होतं. तरी सुट्टीभर रोज झोपायच्या आधी हे विचारायचे आणि ती रोज पूर्ण उत्तर द्यायची, एकही गोष्ट न गाळता. ते बाजेवर बसून तिच्या हातांकडं बघत राहायचे.